मॅनेजरचं कुंपण

२ फेब्रुवारी, सोमवार

एका मांजराची खरी किंमत काय पडली, ते आज बसून काढलं. हॉस्पिटलचं बिल धरत नाही — ते भरलं, विषय संपला. बाकीची अशी : हिच्या मांडीच्या हाडात एक सळई आणि तीन स्क्रू. दूधवाल्याच्या स्कूटरचा पुढचा दिवा. शेजारच्या वकिलांशी असलेली वीस वर्षांची बोलचाल (मांजर त्यांचं — आता फक्त माना डोलावतो). आणि कुठल्याच बिलात न आलेली रक्कम — हिचं बाहेर जाणं. रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत पायी, भाजी, बाकावर मैत्रिणींशी गप्पा, परत. हॉस्पिटलातून घरी आली त्याला चार महिने झाले. फाटकाबाहेर एक पाऊल नाही.

मांजर मात्र ठणठणीत. आत्ताही वकिलांच्या भिंतीवर बसून पाय चाटतंय.

झालं होतं ते एवढंच. मॅनेजरला — म्हणजे आमच्या कुत्र्याला. काम काही न करता सगळ्यांवर नजर ठेवतो म्हणून लेकीने हे नाव ठेवलं, आणि मग नोकरीच्या गावी जाताना त्याला आमच्या गळ्यात घालून गेली — तर मॅनेजरला रस्त्यापलीकडे ते मांजर दिसलं. समोर आमचं झुडपांचं कुंपण, कमरेएवढंसुद्धा नाही. तो ते असं ओलांडतो की जणू उंबरठा. ही त्याच्यामागे धावली. स्कूटरवाल्याने कुत्रा वाचवला, ही मागे सरली, कडेच्या दगडावर पडली. मॅनेजर येऊन हिचं तोंड चाटत बसला होता.

लेकीचा आज फोन. "बाबा, मी पंधरा मार्चला येतेय. आई तोवर रस्त्यावर चालायला लागली नाही, तर मी तिला इकडे घेऊन येणार. आणि मॅनेजरसाठी कुणीतरी शेतावरचा माणूस बघा."

मी म्हटलं, भिंत घालतो, डोक्याएवढी. कुत्रा आत, तुझी आई निर्धास्त.

ही आतून ऐकत होती. "भिंत नको," म्हणाली. "खुर्चीतून रस्ता दिसतो. तेवढाच उरलाय मला. तोही बुजवू नका."

 


४ फेब्रुवारी, बुधवार

उपाय सापडला! जमिनीखालचं कुंपण. डोळ्याला दिसतच नाही.

प्राण्यांच्या सामानाचं दुकान आहे बाजारात, तिथल्या पोराने समजावून सांगितलं. एक पेटी. तिच्यातून निघालेली तार घराभोवती फिरवून परत पेटीत आणायची, चार बोटं खोल पुरायची. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. तारेजवळ गेला की पट्टा आधी टीं करतो. तरी पुढे गेला तर बारीकसा झटका.

"काका, तुम्हाला जमेल का बसवायला? आमचा माणूस पाठवू?"

पैसे मोजून पेटी उचलली. चौदाव्या वर्षापासून विजेच्या मोटारी भरतोय. जळलेलं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची वेटोळी, उसकून नवीन घालायचं — हजारो केल्या असतील. रस्त्याच्या कडेला पोतं टाकून सुरुवात केली, आता वर्कशॉप पुतण्या सांभाळतो आणि अडलं की मोटार माझ्या मागच्या शेडमध्ये पाठवतो. मी ती चालू करतो, डोळे मिटतो, ऐकतो, सांगतो. बेअरिंग, बुश की पंखा घासतोय. उघडायची गरज नाही. आणि हा मला विचारतो जमेल का.

घरी पेटी उघडून हिला दाखवली. पट्ट्याच्या आतल्या बाजूच्या दोन पितळी टोकांवर हिने बोट ठेवलं.

"झटका म्हणजे किती?"

"काही नाही गं. मुंगी."

"मग आधी तुमच्या हाताला बांधा."

बांधला. पेटी लावून तारेजवळ नेला. मुंगीच — पण चांगली खातीपिती मुंगी! मी ओरडलो नाही. ही म्हणते, ओरडलात. वर मॅनेजरला बिस्किट दिलं, मला नाही.

ठरलं ते असं : सर्वांत खालच्या नंबरावर ठेवायचं आणि टीं वरच काम भागवायचं. हिची अट.


७ फेब्रुवारी, शनिवार

खणायला सुरुवात. कुदळ नाही लागत, पसरट फावडं जमिनीत खुपसायचं, हलवायचं, फट पडते. तार ठेवायची, पायाने दाबायचं. निम्मं आवार झालं. कंबर म्हणते पुरे.

ही खुर्चीत. काठी शेजारी. "तिथे वाकडी गेली."

"कोपऱ्यात गोल वळवायची असते. काटकोन चालत नाही."

"मोटारीतही असंच असतं का?"

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा हिने मोटारीबद्दल काही विचारलं. फावडं बाजूला ठेवून पाऊण तास सांगितलं. पाच मिनिटांत झोपली होती, हे मला नंतर कळलं.


८ फेब्रुवारी, रविवार

संपलं. फाटकाच्या आत सिमेंटच्या वाटेवर कटरने चीर पाडून तार घातली, वरून सिमेंट लिंपलं. पेटी मागच्या शेडमध्ये भिंतीला. हिरवा दिवा लागला. तार कुठे तुटली तर पेटी ठणाणा करते — करत नाहीये. म्हणजे काम चोख.

पुष्कळ तार उरली. तोडायला जीव होईना. चांगली तांब्याची तार कुणी तोडतं का? सुबक भेंडोळं केलं, वळशावर वळसा, एकही इकडचा तिकडे नाही, आणि ओट्याच्या पायरीजवळ पुरून ठेवलं. पुढेमागे आवार वाढलं तर उपयोगी. काय देखणं झालं होतं. पुरताना वाईट वाटलं.


९ फेब्रुवारी, सोमवार

काहीतरी भलतंच.

पट्टा हातात धरून सगळी हद्द फिरलो. तारेपासून दोन हातांवर टीं. फाटकाशी टीं. झुडपांशी टीं. सगळं बरोबर. मॅनेजरच्या गळ्यात घातला — दोन बोटं सरकतील इतका सैल — आणि आत सोडला. तो थेट ओट्याकडे निघाला, हिच्याकडे. पायरीशी पोचला आणि टीं. थबकला. पुन्हा पुढे — टीं. मग मागे गेला, मातीत बसला आणि हिच्याकडे बघत राहिला.

दुपारभर तसाच. ही पायरीच्या वर, तो पायरीच्या खाली. मधे दीड हात.

"त्याला माझ्यापासूनच तोडलंत," ही म्हणाली. आवाज चढवून नाही. त्यापेक्षा चढवला असता तर बरं.

पट्टा काढला. तो तरीही पायरी चढेना.


१० फेब्रुवारी, मंगळवार

दुकानाच्या पोराला बोलावलं. बोलवायचं नव्हतं, बोलावलं.

त्याने पट्टा हातात घेऊन पायरीभोवती दोन घिरट्या घातल्या, मग मला विचारलं, "काका, इथे खाली काय आहे?"

"काही नाही. उरलेली तार. व्यवस्थित गुंडाळलीय."

त्याने उकरलं. भेंडोळं वर काढलं, उलटंपालटं करून पाहिलं. "काका, कुंपण घालायला सांगितलं होतं. तुम्ही मोटार भरलीत."

ही इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. पडल्यापासून एवढी हसलेली पाहिली नव्हती.

खरंच आहे. वळसे एकावर एक आले की जोर वाढतो. हे मी शेकडो पोरांना शिकवलंय. पण हातांना पंचावन्न वर्षांची सवय. तार दिसली की वळसा. पोराने जास्तीची तार कापून टाकली, टोकं जोडली, वर सीलबंद टोपी बसवली. पायरी मोकळी झाली.

जाताना म्हणाला, "भेंडोळं छान होतं पण."

पोरगा पुढे जाईल.


११ फेब्रुवारी, बुधवार

मॅनेजर पायरी चढला. बिस्किटं लागली. पुडा संपला.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

शिकवणी. तारेच्या बाजूने पांढऱ्या झेंड्या टोचल्या आहेत — म्हणजे कुत्र्याला डोळ्यांनी हद्द कळते. दोरी धरून त्याला झेंडीपर्यंत न्यायचं, टीं झालं की 'मागे' म्हणून वळवायचं, शाबासकी. रोज, दोन आठवडे. मग झेंड्या काढायच्या.

मी नेलं. टीं झालं. मी म्हटलं, मागे! तो खाली बसला. दुसऱ्या झेंडीला — मागे! — आडवा झाला आणि पोट दाखवलं.

"अहो, तो तुम्हाला घाबरतोय. पिपाणीला नाही."

"वर्कशॉपमध्ये याच आवाजात बोलायचो."

"वर्कशॉपमध्येही पोरं आडवीच व्हायची."

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी — हिची फिजिओ — तेव्हा आली होती. तिने ऐकून घेतलं, हिच्याकडे पाहिलं. फाटकाशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, हाड कधीच जुळलंय. पायात ताकद आहे. फाटकाजवळ गेलं की पाय वळतो. तो मी वळवू शकत नाही."


१४ फेब्रुवारी, शनिवार

लिहून ठेवतो, कारण उद्या खोटं वाटेल.

सकाळी मी आणि मॅनेजर चौथ्या झेंडीशी. तो आडवा, मी वाकून त्याला उठवतोय. मागून काठीचा आवाज. टक, टक. वळलो नाही. (शहाणपण!)

"द्या इकडे."

हिने दोरी घेतली. एका हातात काठी, एका हातात दोरी. मॅनेजर लगेच उठला. पडल्यापासून हिने त्याची दोरी धरली नव्हती — पुन्हा ओढेल म्हणून. त्याने ओढलं नाही. हिच्या पावलाला पाऊल लावून चालला, म्हाताऱ्याला हाताला धरून नेतात तसा.

झेंडी. टीं. ही अगदी हळू म्हणाली, "चल मागे, राजा." आणि तो वळला.

वळला! बिस्किट. पुढची झेंडी. बाजूची सगळी रांग केली दोघांनी. फाटकाच्या झेंड्यांकडे मात्र गेली नाही. तिथून वळून परत खुर्चीत.

मी पाणी आणून दिलं. विचारलं, पाय कसा आहे?

"कुठला?" म्हणाली.


१८ फेब्रुवारी, बुधवार

रोज सकाळ-संध्याकाळ दोघं हद्दीवरून फिरतात, जमीन मोजणारे असावेत तसे. मी ओट्यावर. मला बोलायची मनाई आहे. मान हलवायलाही. "तुम्ही बघत असलात की पाय लटपटतो," म्हणाली. म्हणून मी वर्तमानपत्र धरून बसतो आणि ऐकतो. काठीची टक आता दोन पावलांआड एकदा येते. आधी प्रत्येक पावलाला होती.


२२ फेब्रुवारी, रविवार

निम्म्या झेंड्या काढल्या. मॅनेजरला फरक नाही. वकिलांचं मांजर मुद्दाम रस्त्याच्या मधोमध येऊन बसलं. मॅनेजर धावला, हद्दीशी टीं, करकचून थांबला. चारही पाय घसरले, पण थांबला. ही खुर्चीतून उभी राहिली होती, रंग उडालेला. मग बसली.

वकील भिंतीपलीकडून म्हणाले, "वा!"

पाच महिन्यांनी पहिला शब्द. मीही म्हटलं, "हो ना." बोलचाल खात्यावर परत जमा.

आज पहिल्यांदा ही मॅनेजरला घेऊन फाटकाच्या झेंड्यांपर्यंत गेली. हात फाटकावर ठेवला. दांडा थंड आहे म्हणाली. परत आली.


२८ फेब्रुवारी, शनिवार

फजिती. सगळी माझी.

वाटलं, आता वेळ आलीय. सगळ्या झेंड्या निघाल्या, मॅनेजर पक्का झाला, ही आवारात काठी नुसती टेकवते. लेक यायला पंधरा दिवस. तेव्हा आज संध्याकाळी थोडा समारंभ करू. कोपऱ्यावर दोन खुर्च्या ठेवल्या, मधे दमली तर बसायला. वकिलांना सांगितलं, सहज बाहेर उभे राहा. फिजिओला थांबवून घेतलं. फोनवर लेकीला धरलं, चित्र दिसेल असं. फाटक उघडलं, बाजूला उभा राहिलो आणि म्हटलं, "या, बाईसाहेब."

ही फाटकापर्यंत आली. सगळ्यांकडे पाहिलं. मग खाली, तारेवरच्या सिमेंटकडे पाहत राहिली. मॅनेजर हद्दीच्या आत बसला, तीही तिथेच उभी. जणू पट्टा हिच्याच गळ्यात.

"मी काय रिबीन कापायला निघालेय?" म्हणाली आणि वळली.

फोनमधून लेक : "बाबा... मी तिकीट तिचंही काढते."

खुर्च्या मी एकट्याने परत आणल्या. वकील मदतीला आले होते, नको म्हटलं.


१ मार्च, रविवार

बोलत नाही. ही. मी तर बोलतोच आहे.


३ मार्च, मंगळवार

बोलली. दोन हुकूम.

एक — फाटकाच्या बिजागऱ्या कुरकुरतात, डोकं उठतं, तेल घाला. मी म्हटलं, त्या कुरकुरीवरून तर मला कळतं कोण आलं! दूधवाला झटकन ढकलतो — एकच कूं. फिजिओ हळू — कुर्रर. वकील अर्धं उघडून थांबतात. ही म्हणाली, "मग आता डोळ्यांनी बघा." घातलं तेल. दोनदा घातलं, आतून पितळी वायसर बदलले. लोणी झालंय. अर्धवट काम मला आवडत नाही.

दोन — अकरा ते बारा ही पडणार. फिजिओने विश्रांती सांगितलीय. दार लोटलेलं, पंखा चालू. "हाक मारायची नाही, चहा विचारायचा नाही, डोकवायचं नाही."

फिजिओला विचारलं. म्हणाली, "हो हो, विश्रांती हवीच. आणि काका, सध्या त्यांना काही विचारू नका. अजिबात."

बरं. अकरा ते बारा मीही शेडमध्येच असतो. पुतण्याने पाठवलेल्या मोटारी त्या वेळेला ऐकतो.


५ मार्च, गुरुवार

नवीन दुखणं. मॅनेजर रडतोय.

मोटार चालू होती, चांगली तीन घोड्यांची, कानठळ्या बसाव्यात अशी. तरी त्यातून मला ऐकू आलं — बारीक, उंच, कुंई-कुंई. मोटार बंद करून पुढे गेलो. मॅनेजर फाटकासमोर, हद्दीला नाक लावून बसलेला. शेपूट जमिनीवर आपटतोय, मान ताणून रस्त्याकडे बघतोय आणि कण्हतोय. मांजर नाही, काही नाही.

गळा तपासला. कातडी ठीक, पट्टा सैल. पण टीं च्या हद्दीला टेकूनच बसलेला — म्हणजे तारेचा जोर बाहेर सांडतोय. शेडमध्ये येऊन पेटीचं गोल बटण अर्धा आटा मागे घेतलं. थोड्या वेळाने गप्प! बाहेर येऊन पाहतो तर ओट्यावर उड्या मारतोय.

निदान बरोबर होतं.


६ मार्च, शुक्रवार

पुन्हा. त्याच सुमाराला. बटण आणखी पाव आटा. वेळ लागला, पण थांबला.

ओट्यावर ही खुर्चीत बसलेली. कपाळावर घाम. म्हटलं, पडायचं सोडून उठलीस कशाला? "तहान लागली," म्हणाली. पाणी आणून दिलं, दोन ग्लास प्यायली. पंख्याच्या हवेत घाम कसा येतो? त्या पंख्याचा कॅपॅसिटर बघायला हवा.


९ मार्च, सोमवार

पंख्याचा कॅपॅसिटर उत्तम आहे. तरी बदलला.

मॅनेजरचं चालूच. रोज अकरा वाजून गेले की रडगाणं, साडेअकरा-पावणेबाराला बंद. ठरावीक वेळेचा बिघाड म्हणजे काय, हे मला शिकवायला नको — त्या वेळेला आसपास कुठेतरी मोठं यंत्र चालू होत असणार आणि त्याचा त्रास तारेला होत असणार. वकिलांकडे गेलो. पाण्याचा पंप अकराला लावता का? म्हणाले, आम्ही सहाला लावतो. मग माझ्याकडे जरा विचित्र बघून म्हणाले, "तुमच्याकडे सगळं बरं चाललंय ना?" मी म्हटलं, कुंपणाची थोडी गडबड आहे. "हो का," म्हणाले, आणि मांजराला उचलून घाईने आत गेले. खांदे हलत होते. उचकी लागली असावी.

हिला सांगितलं. म्हणाली, "बिचाऱ्याला काही सांगायचं असेल."

"कुत्र्याला काय सांगायचंय? बॅटरी उतरत असणार."

"असेल," म्हणाली. हल्ली भांडत नाही. चेहरा बरा दिसतो. विश्रांती मानवली.

लेकीचा फोन. "आई पडली बाहेर?" नाही गं अजून. "मग येऊन घेऊन जाते. बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मला चीड आली. म्हटलं, "ऐक. तुझी आई ज्या क्षणी त्या फाटकाबाहेर पाऊल टाकेल ना, त्याच क्षणी तुझा फोन वाजेल. तीन घोड्यांच्या मोटारीतून मला कुत्र्याचं कण्हणं ऐकू येतं. या घरातलं एक पाऊल माझ्या कानांतून सुटलेलं नाही आजवर आणि सुटणारही नाही."

"बरं बाबा," म्हणाली लेक.

ही शेजारीच तांदूळ निवडत होती. मान खाली. खडा सापडला असावा, बराच वेळ मान खालीच होती.


११ मार्च, बुधवार

दुकानाच्या पोराला पुन्हा बोलावलं. सव्वाअकराला आला. शेडमध्येच नेलं, पेटी दाखवली, मीटर लावलं. तार अखंड, जोर योग्य.

"काका, काही बिघाड नाही."

"मग रडतो का?"

पोरगा पुढे जाऊन मॅनेजरजवळ उकिडवा बसला. मी मीटर गुंडाळत होतो. आला तेव्हा हसत होता. "काका, तो रडत नाहीये. वाट बघतोय."

"कुणाची?"

"ते मी कसं सांगू? मी कुंपणवाला." पैसेही घेतले नाहीत.

इतका हुशार पोरगा, आणि शेवटी कुत्र्याच्या मनात शिरतोय. तंत्र कळेनासं झालं की माणसं असंच करतात. मी पितळी टोकं काढून रबराची टोपीवाली बसवली. उद्या बॅटरी बदलतो.


१२ मार्च, गुरुवार

बॅटरी मिळाली नाही. त्या आकाराची बाजारात नाही, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे असते म्हणतात.

संध्याकाळी हिच्याशी सरळ बोललो. म्हटलं, रविवारी लेक येतेय. तुला जायचं असलं तर जा, नसलं तर मी तिला सांगतो. मॅनेजरलाही कुठे पाठवणार नाही, शेतावर तर नाहीच. तू फाटकाबाहेर गेलीस, नाही गेलीस, मला फरक पडत नाही. मी रस्ता इकडे आणतो. खुर्ची फाटकाला लावतो. भाजीवाल्याला थांबवतो.

 हिने माझ्या शर्टाच्या कॉलरला लागलेला तारेचा बारीक तुकडा काढून बाजूला ठेवला.

"खुर्ची आहे तिथे असू द्या," म्हणाली. "आणि रविवारी कोपऱ्यावर दोन खुर्च्या नकोत. एकही नको."

म्हणजे बाहेर जाणार नाही असंच ना? विचारावंसं वाटलं. फिजिओची ताकीद आठवली. नाही विचारलं.


१४ मार्च, शनिवार

उद्या लेक येते. सकाळी औषधवाल्याकडे गेलो, पट्ट्याची बॅटरी घेतली. म्हटलं, हिच्या हाडाच्या गोळ्याही दे, संपत आल्या असतील.

"काकूंनी मंगळवारी नेल्या की."

म्हटलं, कुणाबरोबर मागवल्या?

"मागवल्या कुठे? स्वतः आल्या होत्या. दहा दिवस झाले, रोजच येतात अकरा-सव्वाअकराला. त्या बाकावर बसतात जरा, मैत्रिणी असतात, मग जातात."

काठी असते का, विचारलं.

"नाही," म्हणाला. "पिशवी असते."